वाटून दिलेला डबा

रामभाऊ मेश्राम वीज मंडळातून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणांत सगळ्यांनी एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगितली होती. या माणसाच्या पाळीत कधी अपघात झाला नाही. नागपूरच्या आसपासच्या सब-स्टेशनांवर ऑपरेटर म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. लाइन बंद आहे असं कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं, तरी ते स्वतः उठून बघून यायचे, आणि बघून आल्यावर चहा पिता पिता पुन्हा एकदा जाऊन यायचे. तरुण लाइनमन वैतागायचे. त्यांच्या घरचे मात्र रामभाऊंची पाळी असली की निर्धास्त झोपायचे.

हा माणूस सदुसष्टाव्या वर्षी अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी, वर्षाच्या नातीला सांभाळायला एकटा गेला. मूल कसं सांभाळतात हे त्यांना माहीत नव्हतं. स्वतःची मुलगी हर्षिता लहान असताना ते कामावरून येत तेव्हा ती झोपलेली असे, आणि ती उठे तेव्हा ते झोपलेले असत. तिला भरवणं, न्हाऊ घालणं, तापात उशाशी बसणं, सगळं रत्नाबाईंनी केलं. त्यात काही राहून जातंय असं तेव्हा दोघांनाही वाटलं नाही.

नातीचं नाव मैत्री. ती जन्मल्यावर पहिले सहा महिने रत्नाबाई जाऊन राहिल्या. मग जावयाचे, म्हणजे कुशलचे आईवडील आले. त्यांचेही सहा महिने संपले. पुढच्या खेपेला पुन्हा रत्नाबाईंनी जायचं ठरलं होतं, पण त्यांचा उजवा गुडघा इतका बिघडला की जिना चढणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनच करावं लागेल. नोव्हायमधल्या एका डे-केअरमध्ये मैत्रीला मार्चपासून जागा मिळणार होती. प्रश्न तेवढ्या मधल्या महिन्यांचा होता.

"तुम्ही जा," रत्नाबाई म्हणाल्या. "माझ्या गुडघ्याचं तुम्ही आल्यावर पाहू. माझी बहीण आहे ना इथं."

रामभाऊ गेले. ऑक्टोबर होता. हर्षिता आणि कुशल दोघंही मोटारगाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत इंजिनिअर. सकाळी दोघं दोन गाड्यांतून निघून जायचे, आणि गॅरेजचं दार खाली आलं की त्या घरात रामभाऊ आणि मैत्री उरायचे. घर चांगलं होतं, मोठं होतं. पण बाहेर पडून जायचं कुठे? वाण्याचं दुकान गाडीनेच गाठायचं. बस नव्हती. वसाहतीतली पायवाट एका तळ्यापाशी जाऊन संपायची. घराचं कुठलंही दार उघडलं की भिंतीवरच्या यंत्रातून एक बाई इंग्रजीत सांगायची की दार उघडलं आहे. ते ऐकून रामभाऊ बऱ्याचदा दार पुन्हा लावून घ्यायचे.

तळ्यापाशी त्यांना प्रल्हादकाका नावाचे पुण्याचे एक गृहस्थ भेटले. तेही मुलाकडे आलेले. दोघं बाबागाड्या ढकलत तळ्याला फेऱ्या मारायचे आणि आपापल्या नोकरीतल्या गोष्टी सांगायचे. पहिला बर्फ पडायच्या सुमाराला प्रल्हादकाका दुसऱ्या मुलाकडे दूरच्या क्युपर्टिनो गावी गेले. "बदली झाली," असं म्हणाले आणि हसले. त्यानंतर दिवसभरात रामभाऊंशी मराठीत बोलणारं कुणी राहिलं नाही. मैत्री अजून बोलत नव्हती.

मैत्रीचं एक होतं. ती फक्त पातळ, वाटलेलं खायची. दोन्ही आज्यांनी प्रेमापोटी वरण-भात, भाजी, खिचडी, सगळं मिक्सरमधून काढून भरवलं होतं. घाईच्या दिवशी बाजारात मिळणारी फळांच्या गराची पाकिटं होती, ती तोंडाला लावून ती चोखायची. भाताचं एक शीत जरी जिभेला लागलं, तरी ती जीभ बाहेर काढून ते ढकलून द्यायची. बारा महिन्यांच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की आता तिला घरातलंच जेवण, मऊ तुकडे करून द्यायला लागा. चावायला शिकायचं वय हेच. डे-केअरची अटही तीच होती. मोठ्या मुलांच्या वर्गात मुलं बुटक्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने जेवत. तिथे कुणी वाटून भरवणार नव्हतं.

म्हणून हर्षिता रोज एक डबा करून ठेवायची. वाफवलेल्या गाजराच्या बोटाएवढ्या फोडी, रताळं, ऑम्लेटच्या पट्ट्या, तुपात मऊ केलेल्या पोळीचे तुकडे. दुपारी बाबांनी मैत्रीला उंच खुर्चीत बसवायचं, डबा तिच्यापुढे मांडायचा आणि तिला खाऊ द्यायचं. तिने त्यांना नीट समजावून दिलं होतं. नव्याने खाताना मुलाला उबळ येते, तोंड लाल होतं, खोकला येतो, कधी ओकारीही येते. तेव्हा घाबरायचं नाही, बोटं घालायची नाहीत; मूल आपलं आपण निस्तरतं. धोका असतो तो आवाज बंद झाला तर. तसं झालंच तर पाठीवर कुठे आणि कसं मारायचं, पोटावर कसं दाबायचं, फोन कुठे लावायचा, हे सगळं तिने एका बाहुलीवर करून दाखवलं. रामभाऊंनी ते तिच्यासमोर पुन्हा करून दाखवलं. आणखी एकदा.

कुशलने विचारलं होतं, स्वयंपाकघरात कॅमेरा लावू का, म्हणजे ऑफिसातून बघता येईल. हर्षिता नको म्हणाली. बाबांवर काय कॅमेरा लावायचा, म्हणाली.

पहिल्याच आठवड्यात ते घडलं. मैत्रीने गाजराची फोड उचलली, हातात कुस्करली, तोंडात घातली. रामभाऊ कौतुकाने पाहत होते. एकाएकी तिचे डोळे मोठे झाले, मान पुढे आली, तोंड लालबुंद झालं. घशातून एक खरखर आली. आवाज होता, म्हणजे सगळं ठीक होतं. पण हे रामभाऊंना नंतर सुचलं. त्या वेळी त्यांनी तिला खुर्चीतून उपसून काढलं, तोंडात बोट घालून फोड बाहेर ओढली आणि पाठीवर थापा मारत घरभर फिरले. ती ओकली, किंचाळून रडली, आणि रडून रडून त्यांच्या खांद्यावरच झोपली. तिच्या हिरडीवर त्यांचं नख लागलं होतं. सदऱ्यावर रक्ताचा एक ठिपका होता.

ते तिला तसंच धरून जमिनीवर बसले. खिडकीबाहेर सगळी घरं बंद होती. हाक मारली असती तर कुणाला ऐकू गेली असती? फोनवर ते इंग्रजीत काय सांगणार होते?

मैत्री उठली ती भुकेने रडत. डबा तसाच पडला होता. रामभाऊंनी तो मिक्सरच्या भांड्यात ओतला, थोडं दूध घातलं आणि फिरवला. तिने वाटी संपवली.

संध्याकाळी हर्षिता आली ती कोट काढता काढता विचारत आली, "बाबा, खाल्लं तिने?"

रामभाऊ सगळं सांगणार होते. पण पोरीचा चेहरा दमलेला होता, आणि उत्तराची वाट बघत होता. शिवाय सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं, की तू बजावलेलं एकही मला आठवलं नाही.

"खाल्लं," ते म्हणाले. "सगळं खाल्लं."

हे खोटं नव्हतंच, असं ते पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले.

मग तो नेमच झाला. दुपारी गॅरेजकडे एकदा कान देऊन ते डबा वाटायचे, मैत्रीला भरवायचे, आणि भांडं धुऊन, पुसून, कोरडं करून जागच्या जागी ठेवायचे. उद्या एक तुकडा देऊन पाहू, असं रोज ठरवायचे. दोनदा दिलाही, चण्याएवढा. तिने नुसता ओठ हलवला तरी ते तुकडा काढून घ्यायचे. एकदा हर्षिताला भांडं ओलं सापडलं. आपण चटणी केली होती, ती संपली, असं रामभाऊ म्हणाले. ते मात्र सरळच खोटं होतं.

यातून एक वेगळंच दुखणं उभं राहिलं. रात्रीच्या जेवणाला आणि शनिवार-रविवारी हर्षिता स्वतः मैत्रीला तुकडे द्यायची. मैत्री तोंड फिरवायची, थुंकायची, ताटली फेकायची. कुशल म्हणायचा, राहू दे, आज नसेल भूक. हर्षिता थट्टेने म्हणायची की आजोबांची लाडकी आहे, त्यांच्याच हातचं खाते. पंधरा महिन्यांच्या तपासणीत तिने डॉक्टरीणबाईंना तेच सांगितलं. त्या हसल्या, मुलं आईसमोरच जास्त हट्ट करतात म्हणाल्या. घरी येऊन हर्षिताने ते हसत सांगितलं खरं, पण मग भांडी घासायच्या यंत्रात लावलेली एकेक ताटली ती काढून पुन्हा लावत राहिली.

जानेवारीत एका संध्याकाळी गॅरेजचं दार वर गेल्याचा आवाज आला आणि कुणीच आत आलं नाही. रामभाऊंनी मधलं दार किलकिलं करून पाहिलं. गाडी बंद होती. हर्षिता आत बसून होती, दोन्ही हात चाकावर, कपाळ हातांवर. भिंतीवरची बाई म्हणाली की दार उघडलं आहे. त्यांनी ते घाईने लावलं. थोड्या वेळाने हर्षिता आली, मैत्रीला कडेवर घेतलं आणि नेहमीसारखं विचारलं, "खाल्लं?"

तेव्हा सांगायला हवं होतं. रामभाऊंना ते कळत होतं. पण आता सांगणं म्हणजे नुसतं एका दिवसाचं सांगणं नव्हतं. इतक्या महिन्यांतल्या प्रत्येक संध्याकाळचं सांगणं होतं. तिकडे नागपूरला रत्नाबाई काठी घेऊन चालत होत्या आणि फोनवर विचारत होत्या की मार्चचं पक्कं ना, डॉक्टरांना तारीख सांगायची आहे. मार्चचं पक्कं व्हायला मैत्रीने चावायला हवं होतं. तिने चावावं तर यांनी तिला तुकडा द्यायला हवा होता. आणि तो त्यांच्या हातून दिला जात नव्हता. आपल्या सुटकेच्या दारात आपणच उभे आहोत, हे त्यांना रोज दुपारी मिक्सर लावताना दिसायचं. बाहेर बर्फ गुडघाभर साचलेला असायचा. मैत्री खिडकीच्या काचेला नाक लावून उभी राहायची, तेही तिच्यामागे उभे राहायचे, आणि रस्त्यावरून बर्फ काढणारी गाडी गेली की दोघं तिला हात करायचे.

याच दिवसांत मैत्री बोलायला लागली. मामा, दादा, बॉल. आणि भूक लागली की म्हणायची, "घुर्र." ओठ काढून, मोठ्याने. हर्षिता-कुशलला त्याचा अर्थ लागेना. कुशलला वाटलं, गाडी म्हणत असेल. रामभाऊ काही बोलले नाहीत.

फेब्रुवारीत डे-केअरवाल्यांनी मैत्रीला एका दिवसासाठी बोलावलं, मुलांमध्ये कशी रमते ते पाहायला. हर्षिताने अर्धा दिवस रजा काढली आणि बाबांनाही बरोबर नेलं. तिला त्यांची सवय आहे, बरं वाटेल, म्हणाली. मैत्री चांगली रमली. ठोकळे मांडले, एका मुलीची टोपी ओढली. मग जेवायची वेळ झाली. एकेका बुटक्या टेबलाभोवती सहा-सात पोरं बसली आणि सगळ्यांच्या ताटलीत उकडलेला पास्ता, मटार आणि केळ्याचे काप आले. दीड वर्षाची ती पोरं दोन्ही हातांनी खात सुटली. मैत्री ताटलीकडे बघत बसली.

वर्गाच्या बाई शेजारी येऊन बसल्या. घरी ही काय खाते, असं त्यांनी विचारलं. हर्षिताने अभिमानाने सांगितलं, सगळं खाते, दुपारी माझे वडील भरवतात, त्यांच्याकडे तर ताटली चाटूनपुसून साफ होते. इंग्रजीत सांगितलं, पण रामभाऊंना अक्षर न् अक्षर कळलं. बाईंनी त्यांच्याकडे बघून हसून मान हलवली.

मैत्रीने एक पास्ता उचलून तोंडात घातला. लगेच तिला उबळ आली. तिने तो थुंकला, सगळ्या टेबलावर, आणि रडायला लागली. भूक लागली होती. ती रामभाऊंकडे हात करून म्हणू लागली, "घुर्र. घुर्र." बाईंनी विचारलं, काय मागतेय ती? हर्षिता म्हणाली, कळत नाही, काही दिवसांपासून म्हणते. मैत्री आणखी मोठ्याने ओरडली, आणि ओरडताना तिने हवेत हात गोल फिरवला.

बाई फार समजूतदारपणे बोलल्या. काही मुलांना वेळ लागतो, यात कुणाची चूक नाही. पण वर्गात बारा मुलं आणि दोघीच बायका, अशा मुलाकडे सतत लक्ष देणं त्यांना जमणार नाही. सध्या यादीतल्या पुढच्या मुलाला जागा द्यावी लागेल. उन्हाळ्यात पुन्हा बघू.

गाडीत मैत्रीला मागच्या सीटवर पट्टे लावून बसवलं. रामभाऊ तिच्या शेजारी. हर्षिताने गाडी सुरू केली नाही. आरशात तिला ते दिसत होते.

"घरी तर खाते," ती म्हणाली. "इथे काय झालं हिला?"

"घरीही खात नाही," रामभाऊ म्हणाले. "मी मिक्सरमधून काढून देतो. घुर्र म्हणजे मिक्सर."

हर्षिताला आधी ते समजलंच नाही, असं वाटलं. मग तिने विचारलं, "केव्हापासून?"

"आलो तेव्हापासून."

त्यांनी गाजराचं सांगितलं. नख लागल्याचं सांगितलं. आपल्याला भीती वाटते हेही सांगितलं, आणि हा शब्द त्यांनी मुलीसमोर पहिल्यांदाच उच्चारला असावा. हर्षिता काचेतून समोर बघत होती. गाड्या ठेवायच्या त्या मोकळ्या जागेत बर्फाचे काळपट ढीग होते.

"मला वाटत होतं, माझ्याच हातचं खात नाही ती," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि गाडी सुरू केली.

पुढचे काही दिवस त्या घरात कामापुरतं बोलणं झालं. हर्षिता त्यांच्याशी रागाने वागली नाही. चहा वेळेवर द्यायची, औषध घेतलं का विचारायची. फक्त संध्याकाळी आल्यावर तो एक प्रश्न विचारायची थांबली. रामभाऊ आपल्या खोलीत बसून राहायचे. त्यांनी रत्नाबाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की आपणही सहा महिने वाटूनच दिलं होतं, अडकेल म्हणूनच. "पण मी पोरीला फसवलं नाही जी," त्या म्हणाल्या. गुडघ्याचा विषय त्यांनी काढला नाही.

पुढच्या सोमवारी हर्षिता घरूनच काम करायला बसली. दुपारी ती खाली आली, आणि दिवाणखान्यातलं बुटकं टेबल स्वयंपाकघरात ओढून आणलं. जमिनीवर चादर अंथरली. तिघांची पानं वाढली: वरण-भात, बटाट्याची काचरी, ऑम्लेट. मैत्रीलाही तेच, फक्त मऊ आणि लांब कापलेलं. मिक्सर तिने वरच्या कपाटात ठेवून दिला होता.

"बाबा, बसा," ती म्हणाली. "तुम्ही तिला भरवू नका. तुम्ही तिच्यासमोर जेवा फक्त."

रामभाऊंच्या लक्षात आलं की इतक्या महिन्यांत दुपारी मैत्रीने त्यांना जेवताना पाहिलंच नव्हतं. तिला भरवून, झोपवून, मग ते ओट्यापाशी उभ्याने जेवायचे. ते मांडी घालून बसले, भात कालवला, पहिला घास घेतला. मैत्री त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आपल्या ताटलीला तिने हात लावला नाही. मग ती पुढे सरकली आणि त्यांच्या पानातून बटाट्याची एक काचरी उचलली.

रामभाऊंचा हात आपोआप पुढे गेला. हर्षिताने त्यांचं मनगट धरलं.

मैत्रीने काचरी तोंडात घातली. चोखली. दातांमध्ये आली असावी, कारण ती थबकली, आणि मग तीच उबळ आली. डोळे पाण्याने भरले, तोंड लाल झालं, खरखर सुरू झाली. रामभाऊ अर्धे उठले.

"थांबा," हर्षिता म्हणाली. "आवाज येतोय ना? येतोय. थांबा."

तिची पकड घट्ट होती. तिची नजरही मैत्रीच्या तोंडावरून हलत नव्हती. मैत्री खोकली, आणखी एकदा खोकली, आणि काचरी तिच्या जिभेवर पुढे आली. ती तिने हातात घेऊन पाहिली. कुणी धावून आलं नव्हतं, कुणी उचललं नव्हतं. तिने ती पुन्हा तोंडात घातली. या खेपेला थुंकली ती जरा उशिराने, आणि अर्धीच.

त्या दिवशी तिच्या पोटात गेलं ते सगळं मिळून घासभरही नसेल. दुपारी ती "घुर्र" म्हणून रडली. हर्षिताने तिला दूध दिलं आणि वर जाऊन आपली मीटिंग गाठली.

त्यानंतर रोज तिघं, आणि हर्षिता ऑफिसला गेली की दोघं, जमिनीवर बसून जेवू लागली. लगेच काही बदललं नाही. काही दिवस तर मैत्री नुसतं कुस्करायची आणि चादरीला फासायची. भुकेने रडायची, तेव्हा वरच्या कपाटाकडे हात जाऊ नये म्हणून रामभाऊ तिला घेऊन बाहेरच्या खोलीत जायचे. प्रत्येक उबळीला ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरायचे आणि तिचा आवाज ऐकत राहायचे. भीती गेली नाही. ती कमीही झाली नाही. पण मुलीला एकदा मनगट धरावं लागलं होतं; पुन्हा धरावं लागू नये, एवढं त्यांनी स्वतःशी ठरवलं होतं. मार्च संपता संपता मैत्री ऑम्लेटची पट्टी चावून खायला लागली. मग वरणात बुडवलेली पोळी. एका दुपारी तिने भाताची मूठ तोंडात कोंबली, गाल फुगवून चावत बसली आणि मध्येच रामभाऊंच्या तोंडात दोन शितं घातली. त्यांनी ती मैत्रीला दिसेल अशी सावकाश चावली. संध्याकाळी हर्षिता आल्यावर त्यांनी हे आपणहून सांगितलं. तिने ऐकलं, आणि मग विचारलं की किती शितं. दोघंही थोडं हसले.

पण डे-केअरची जागा गेली ती गेलीच. रामभाऊंची अमेरिकेत राहायची मुदत एप्रिलमध्ये संपत होती. मी मुदत वाढवून मागतो, उन्हाळ्यापर्यंत थांबतो, असं ते म्हणाले. हर्षिता नको म्हणाली. आईच्या गुडघ्याला आता थांबता येणार नाही, म्हणाली. तिने ऑफिसातून बिनपगारी लांबची रजा घेतली. याचा अर्थ काय, हे रामभाऊंना कुशलने सांगितलं, तेही त्यांनी दोनदा विचारल्यावर. हर्षिताला एका नव्या टीमची लीड करणार होते. वर्षभर ती त्याच्यासाठी राबत होती. ती रजेवर जाते म्हटल्यावर ते काम दुसऱ्या कुणाला दिलं.

रामभाऊंनी त्याबद्दल तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला. बॅगा भरत असताना ते तिच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले की तुझं माझ्यामुळे नुकसान झालं. हर्षिता मैत्रीचे कपडे घडी करत होती.

"झालं, बाबा," ती म्हणाली. "झालं ना." मग घडी अर्धवट सोडून म्हणाली, "पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी भांडले असते तुमच्याशी. एवढंच झालं असतं."

ते तिच्याजवळ बसले आणि लहान लहान मोज्यांच्या जोड्या लावायला लागले.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात डेट्रॉइटहून ते निघाले. घरून निघताना त्यांनी दार उघडलं, भिंतीवरची बाई जे म्हणायचं ते म्हणाली, आणि ते पायरीवर थोडे उभे राहिले. इतके महिने वाट पाहिलेला दिवस होता. त्यांना वाटलं होतं तसं काही हलकं वाटलं नाही. मैत्री हर्षिताच्या कडेवर होती. आता दिवसभर त्या बंद घरात हर्षिता असणार होती.

मे महिन्यात रत्नाबाईंचं ऑपरेशन झालं. रामभाऊंनी त्यांचं सगळं केलं, स्वयंपाकसुद्धा, बरा-वाईट जसा जमेल तसा. जुलैत डे-केअरमध्ये जागा झाली आणि हर्षिता कामावर परतली, आधीच्याच टीममध्ये, आधीच्याच जागेवर. त्याबद्दल ती फोनवर फारसं बोलली नाही. मैत्री मात्र टेबलाशी बसून सगळं खाते, मटार सोडून, असं तिच्या बाईंनी कळवलं होतं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी व्हिडिओ कॉलवर कुशलने सांगितलं की इथे सध्या पीच आले आहेत, आम्ही बागेतून तोडून आणले. मैत्री फोनसमोर आली. तिच्या हातात पिकलेल्या पीचची मोठी फोड होती, सालासकट. आजोबांना दाखवायचं म्हणून तिने तोंड मोठं उघडून लचका तोडला. रस हनुवटीवरून ओघळला. ती चावू लागली.

रामभाऊंनी फोन रत्नाबाईंच्या हातात दिला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

"आजोबा कुठे गेले?" हर्षिताचा आवाज आला.

"इथंच आहेत," रत्नाबाई म्हणाल्या. "बाहेर पाहून राहिले."

मैत्रीच्या चावण्याचा ओला आवाज तेवढा फोनमधून येत होता.

"झालं का?" रामभाऊंनी खिडकीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"गिळलं, बाबा," हर्षिता म्हणाली. "बघा आता."